मैत्रिणीचं बाळ गेलं आणि मी तिला बायबलमधलं वचन पाठवलं. आता शनिवारी काय बोलू?

नगरची_चिंच
सलाम मंडळी. खूप दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझी एक मैत्रीण आहे, संडे स्कूलपासूनची. चर्च एकच, शाळा एकच, नाताळात कॅरोल म्हणत एकाच टेम्पोत बसून फिरायचो. पाच आठवड्यांपूर्वी तिचं बाळ गेलं. आठवा महिना भरत आला होता, हालचाल लागेना म्हणून दाखवायला गेली तर ठोकेच सापडेनात, मग कळा आणून डिलिव्हरी केली. मुलगी होती.

मी तेव्हा पुण्यात, पोराची परीक्षा चाललेली, लगेच निघता आलं नाही. म्हणून त्याच रात्री तिला व्हॉट्सअ‍ॅपवर रोमकरांस ८:२८ पाठवलं, देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात ते. खाली माझ्या मनाचं जोडलं की प्रभूची योजना आपल्याला आत्ता कळत नाही, तू अजून तरुण आहेस, तो याहून चांगलं देईल. रडत रडत लिहिलं हो, वरवरचं नव्हतं. दोन निळ्या टिका आल्या आणि तेव्हापासून आजतागायत तिच्याकडून एक शब्द नाही.

परवा तिच्या आईचा फोन आला. मावशी म्हणाल्या, ती म्हणते की सगळ्यांनी मला कल्याण कसं होणार ते सांगितलं, नाव काय ठेवणार होतीस एवढं एकीनेही विचारलं नाही.

तेव्हापासून माझा घास उतरत नाहीये. शनिवारी नगरला जाणार आहे. काय बोलू? काय बोलू नको? विश्वासी माणसाने अशा वेळी वचन नाही द्यायचं तर काय द्यायचं?

कांदेनवमी
वाईट वाटलं वाचून. तुझ्या मैत्रिणीसाठी प्रार्थना करतेय 🙏

जुना_करार
ताई, ईयोबाचे मित्र आठवा, मुलंबाळं, धनदौलत, तब्येत सगळं गमावलेल्या त्या ईयोबाचे. लोक त्या तिघांना उगाच सरसकट शिव्या घालतात. अलीफज, बिल्दद, सोफर, तिघं आपापल्या गावाहून आले, ईयोब ओळखू येईना, कपडे फाडले, डोक्यावर धूळ घेतली आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले. एक अक्षर बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार भारी आहे हे त्यांना दिसलं (२:१३). तिथवर त्यांच्याइतके चांगले मित्र अख्ख्या पवित्र शास्त्रात शोधून सापडायचे नाहीत.

मग ईयोबाने तोंड उघडून आपल्या जन्मदिवसालाच शाप दिला, ते काही यांना सहन झालं नाही आणि चौथ्या अध्यायापासून जे सुरू झाले ते थांबायलाच तयार नाहीत. आणि गंमत बघा, त्यांची एकेक वाक्यं सुटी काढली तर पुलपिटवरून संदेश द्यावा अशी आहेत. देव न्यायी आहे, पेराल तसं उगवेल, पश्चात्ताप कर, सगळं तात्त्विकदृष्ट्या बरोबरच. सोळाव्या अध्यायात ईयोब वैतागून म्हणतो की तुम्ही सगळे त्रास देणारे सांत्वनकर्ते आहात. आणि शेवटी देव कोणावर रागावला? अलीफजवर. माझ्याविषयी माझ्या सेवक ईयोबाप्रमाणे तुम्ही यथार्थ बोलला नाहीत, म्हणाला (४२:७). म्हणजे देवाशी भांडणाऱ्याचं बोलणं चाललं, देवाची वकिली करणाऱ्यांचं नाही.

तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपमुळे सात दिवस थांबला नाहीत एवढंच. आम्ही कोणीच थांबत नाही.

वचनाचा_सेवक
क्षमा करा पण मला हा सूर पटत नाही. हल्ली सगळीकडे तेच, वचन देऊ नका, नुसतं बसा. मग जगातल्या माणसात आणि आपल्यात फरक काय राहिला? विश्वास ऐकण्याने येतो आणि ऐकणं ख्रिस्ताच्या वचनाने (रोम १०:१७). बहिणीने चूक केलेली नाही, देवाचं वचनच पाठवलंय. मैत्रिणीला आज टोचलं असेल, उद्या तेच तिला उभं करेल. वचनाची लाज वाटायला लागली की संपलं सगळं.

वसईचा_पाव
@वचनाचा_सेवक भाऊ, लाजेचा प्रश्नच नाहीये. अम्माऊसची वाट आठवा, लूक २४. दोघं शिष्य येरुशलेमहून निघालेत, साधारण ११ किलोमीटरची चाल, तोंडं उतरलेली. मरणातून उठलेला येशू मागून येऊन त्यांना गाठतो, ते त्याला ओळखत नाहीत, आणि तो विचारतो काय, चालता चालता कशाबद्दल बोलताय? क्लयपा जवळजवळ अंगावरच येतो, येरुशलेमात घडलेलं तुलाच एकट्याला माहीत नाही का! आणि येशू म्हणतो, "कोणत्या गोष्टी?"

अहो, कोणत्या गोष्टी काय! त्याच्याच क्रूसाची गोष्ट, हाताला खिळ्यांच्या खुणा आहेत आणि विचारतोय कोणत्या गोष्टी. त्याला माहिती नको होती, त्यांच्या तोंडून यायला हवं होतं. आणि त्यांनी सगळं सांगितलं, आम्हाला आशा होती की हाच इस्राएलाला सोडवील, "होती", भूतकाळात. तो मधे तोडत नाही की अरे मीच तो.

मी कॅथलिक आहे, आमच्याकडे फादर लोक प्रवचनात हे बरेचदा घेतात, पण मला खरं कळलं ते आई आजारी होती तेव्हा. येणारा प्रत्येक जण घरात पाय ठेवल्याबरोबर सांगायला लागायचा, विचारायचं कोणाला सुचायचंच नाही.

वचनाचा_सेवक
@वसईचा_पाव अर्धाच अध्याय वाचलात. पुढे काय आहे? "अहो निर्बुद्ध" म्हणून सुरुवात करून मोशे आणि सर्व संदेष्ट्यांपासून शास्त्र उलगडून सांगितलंच की त्याने. त्यानेच तर त्यांची अंतःकरणं आतल्या आत पेटली.

वसईचा_पाव
बरोबर, सांगितलं. पण सगळं ऐकून घेतल्यावर. आणि ओळखलं कधी म्हणाल तर शास्त्र सांगताना नाही, भाकर मोडताना. 🙂
निर्बुद्ध म्हणायचा हक्क मी त्याच्यापुरताच ठेवतो.

पाळकाची_बायको
चिंचा बाई, मी २२ वर्षं पाळकसाहेबांबरोबर दुःखाच्या घरी जातेय, त्यामुळे थोडं मोठं लिहिते.

योहानाचा ११ वा अध्याय उघड. लाजर जाऊन चार दिवस झालेत. मार्था येशूला गावाबाहेर गाठते आणि म्हणते, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने तिची बहीण मरिया येते, पाया पडते, आणि म्हणते काय? तेच वाक्य. जवळजवळ शब्दाला शब्द. आता येशूने काय केलं बघ. मार्थेला उत्तर दिलं, पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे, एवढं मोठं वचन तिला मिळालं. आणि मरियेला? काहीच नाही. तिला रडताना बघून त्याचं मन कळवळलं, त्याला कुठे ठेवलंय एवढं विचारलं, आणि येशू रडला. पाचेक मिनिटांत लाजर जिवंत होऊन कबरीबाहेर येणार हे माहीत असूनही रडला.

दोन सख्ख्या बहिणी, एकच तक्रार, आणि दोन वेगळी उत्तरं. कारण मार्था प्रश्न विचारत होती, मरिया प्रश्न विचारत नव्हती, तिला नुसतं रडायचं होतं. आपल्याला हा फरक फोनवर कळत नाही गं, समोर बसूनच कळतो, आणि तरीही चुकतो. मी कितीदा चुकलेय. सुरुवातीच्या वर्षांत एका म्हातारबाबांची बायको गेली तेव्हा मी तासभर स्वर्गाचं वर्णन केलं, ते बिचारे माना डोलवत राहिले आणि मी उठल्यावर म्हणाले, "पोरी, तिची चहाची कपबशी कुठे ठेवायची ते कळंना." तेच त्यांना तासभर सांगायचं होतं.

त्यामुळे शनिवारी काय बोलू म्हणालीस तर आधी माफी माग, दोन वाक्यांत. लांबवू नकोस, नाहीतर तुझंच समाधान तिला करावं लागेल. मग बाळाचं नाव विचार. मग गप्प बस. ती गप्प बसली तर तूही बस, बडबड करून भोक बुजवू नकोस. आणि "माझ्या जावेचं पण असंच झालं होतं" हे वाक्य नगरच्या वेशीबाहेर ठेवून जा.

कांदेनवमी
कपबशी 😢

तिरसट_बुवा
एक विषय कोणी काढला नाही म्हणून काढतो. प्रार्थनाविनंती!! आमच्याकडे कोणी बिचारा एकाला विश्वासाने काही सांगतो, तर संध्याकाळच्या आत ते "प्रार्थनेसाठी" म्हणून ग्रुपवर. अमुक बहिणीसाठी प्रार्थना करा, तिचे मिस्टर पुन्हा प्यायला लागलेत, नावानिशी, २५६ लोकांच्या ग्रुपवर, खाली आमेन आमेन आमेन. चुगली करायची तर सरळ करा ना, तिला देवाचं नाव कशाला. चिंच ताई, तुमची मैत्रीण शनिवारी जे सांगेल ते इथेसुद्धा लिहू नका. लिहायचंच असेल तर तिला विचारून.

नगरची_चिंच
@तिरसट_बुवा बुवा, बरं केलंत बोललात. हा धागा तिला न विचारता काढला हेच आता खुपायला लागलंय. नाव-गाव ओळखू येणार नाही असं लिहिलंय, काही तपशील बदललेत, तरीही.

@पाळकाची_बायको काकू, "तुझंच समाधान तिला करावं लागेल" हे बरोब्बर लागलं. मी मनातल्या मनात माफीचं भाषणच तयार करत होते.

नाइट_ड्युटी
मी स्टाफ नर्स आहे, बरीच वर्षं लेबर वॉर्डात काढलीत. दोन गोष्टी.

एक, सगळे तिच्या आत्म्याचं बोलतात, शरीराचं कोणी बोलत नाही. तिची डिलिव्हरी झालीये. बाळंतपण झालेल्या बाईला लागतं ते सगळं तिलाही लागतं. शेक, मऊ भात, झोप. पण बाळ नसलं की घरातले विसरूनच जातात की ही बाळंतीण आहे. एलीया संदेष्ट्याचं आठवा, तो झाडाखाली पडून मला मरण दे म्हणत होता, तर देवदूताने त्याला उपदेश केला नाही, उठवून भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. परत झोपला तर झोपू दिलं. परत उठवून परत खायला दिलं. (१ राजे १९). आम्हाला वॉर्डात नेमकं हेच शिकवतात, फक्त देवदूत म्हणत नाहीत.

दोन, हे गंभीर आहे. पाच आठवडे झालेत. ती जेवत नसेल, झोपत नसेल, मी नसते तर बरं असं काही म्हणाली तर "असं बोलू नये, पाप आहे" म्हणून तिचं तोंड बंद करू नका. सरळ विचारा, मरावंसं वाटतं का, तसा विचार येतो का. विचारल्याने डोक्यात येत नाही, असेल तर बाहेर येतं. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, घरातल्या एका भरवशाच्या माणसाला सांगा, डॉक्टरकडे न्या. तिथे गुपित पाळायचं नसतं. टेलिमानसचा नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि कोणी म्हणालं की विश्वास असताना मानसोपचार कशाला, तर शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता एवढं सांगा.

दोन_पोरांचा_बाप
माझं हँडल दोन पोरांचा बाप आहे पण खरं तर तीन. पहिला राहिला नाही. सातव्या महिन्यात.

इथे सगळे आईबद्दल लिहितायत, बरोबरच आहे. पण मी सांगतो त्या दिवसांत मला भेटलेला प्रत्येक माणूस विचारायचा, मिसेस कशा आहेत? तिला सांभाळ. खंबीर राहा. मी खंबीर राहिलो. पेटी मीच मांडीवर घेऊन रिक्षातून दफनभूमीत गेलो, बुटाच्या खोक्यापेक्षा थोडी मोठी, रिक्षा खड्ड्यातून गेली की मी हाताने दाबून धरत होतो, जसं काही त्याला लागेल.

चर्चमधले खूप आले, चांगली माणसं, सगळ्यांनी प्रार्थना केली. पण मला ऐकलं ते ऑफिसातल्या एकाने, तो ख्रिस्तीसुद्धा नाही. रोज चारला मला घेऊन टपरीवर जायचा, दोन कटिंग सांगायचा आणि उभा राहायचा. बोलायचा नाही काही. तिसऱ्या का चौथ्या आठवड्यात मी आपोआप ते रिक्षाचं सांगितलं. तो म्हणाला, "वजन किती होतं रे?" बस. मी तिथेच टपरीवर रडलो. किती होतं ते मला अजून माहीत आहे, १ किलो ४०.

ताई, तिच्या नवऱ्यालाही कोणीतरी विचारा.

वचनाचा_सेवक
@दोन_पोरांचा_बाप भाऊ, वाचून गलबललो.

मी वर कडक बोललो. पूर्ण मागे घेत नाही, कारण माझे वडील गेले तेव्हा एका वडीलधाऱ्यांनी स्तोत्र २३ म्हटलं आणि मला खरंच धीर आला, ते खोटं कसं म्हणू. पण आज आठवून बघतो तर ते काका रात्रभर आमच्या ओट्यावर बसून होते. स्तोत्र पहाटे म्हटलं, तेही मीच म्हणालो काका काहीतरी म्हणा म्हणून. हा भाग मी साक्ष देताना नेहमी गाळतो, आज लक्षात आलं.

जुना_करार
@वचनाचा_सेवक भाऊ, तुमच्यासाठी नीतिसूत्रे २५:२०. दुःखी मनापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीत अंगावरचं पांघरूण काढणं आणि सोड्यावर आंब (व्हिनेगर) ओतणं. वचनातच लिहिलंय की वचन कधी देऊ नये. 😄
आणि द्यायचंच झालं तर स्तोत्र ८८ आहे. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी वळण घेऊन स्तुतीवर येतात, हे येतच नाही, अंधारातच संपतं. शास्त्रात ते तसंच ठेवलंय, शेवटी हालेलूया जोडलेलं नाही कोणी.

वसईचा_पाव
अजून एक, ती कदाचित विचारेल की बाळ कुठे असेल, बाप्तिस्मा झाला नव्हता. आमच्याकडे जुन्या बायका बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या बाळाला स्वर्ग नाही या भीतीने आयुष्यभर आतल्या आत जळल्या. २००७ साली आमच्या चर्चच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने यावर मोठा दस्तऐवज काढला, अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे म्हणून. तुमच्या मंडळीत कसं मानतात ते पाळकसाहेबांना विचारून ठेवा, पण तिने विचारलं तरच बोला.

नगरची_चिंच
जाऊन आले. तिला धाग्याचं सांगितलं. आधी काही बोलली नाही, मग म्हणाली लिही, पण दादांनी ते रिक्षाचं लिहिलंय ते मला वाचायला दे. दिलं. त्यामुळे पुढचं तिच्या परवानगीने, आणि सगळं नाही.

पिठलं-भाकरी घेऊन गेले होते. ती आतल्या खोलीत खाली बसली होती, समोर कपड्यांची पिशवी. मी म्हटलं, त्या दिवशी मी जे पाठवलं ते चुकलं, मला माफ कर. ती म्हणाली, हं. मग मी नाव विचारलं. तिने सांगितलं. नाव नाही लिहीत इथे, ते तिचं आहे.

त्यानंतर किती वेळ गेला माहीत नाही, पंखा कटकट करत होता आणि मी मनात मोजत होते, आता बोलू का, आता बोलू का. काकू, गप्प बसणं फार अवघड आहे हो, हे तुम्ही लिहिलं नव्हतंत. मग तीच बोलायला लागली. म्हणाली, चौथ्या दिवशी दूध आलं. कोणी सांगितलंच नव्हतं की येणार म्हणून. रात्री झोपेत गाऊन भिजला, ती उठून बाथरूममध्ये उभी राहून पिळत होती आणि बाहेर हॉलमध्ये तिच्यासाठी प्रार्थनासभा चालली होती, मोठमोठ्याने. ती म्हणाली, मला तेव्हा देवाचा इतका राग आला आणि बाहेर सगळे त्याचे आभार मानत होते.

माझ्या तोंडात आलं होतं, देवावर राग धरू नये. अगदी ओठांवर. दात दाबून गिळलं. तिचा हात धरला फक्त. तो गार होता.

मरणाचं विचारलं मी, नाइट_ड्युटी ताई, तुम्ही म्हणालात तसं सरळ. ती म्हणाली, नाही, मरावंसं नाही वाटत, नुसतं उठावंसं वाटत नाही. सोमवारी डॉक्टरकडे जातोय, मी थांबलेय तोवर.

निघताना म्हणाली, मी रविवारी येणार नाही चर्चला, मला गाणी म्हणवत नाहीत. मी म्हटलं, बरं. एवढंच म्हटलं. आई असती तर चिडली असती माझ्यावर.

पाळकाची_बायको
नाही म्हणवत तर नाही. बाकीचे म्हणतील तिच्या वाटचं.

नाइट_ड्युटी
दुधाचं आम्ही डिस्चार्जच्या वेळी सांगायला हवं. वॉर्डात बोलते आजच.

दोन_पोरांचा_बाप
त्यांनी वाचलं होय. बरं.
नवरा कसा आहे?

नगरची_चिंच
@दोन_पोरांचा_बाप दादा, तो भेटला पण दोन शब्द बोलला आणि गाडी धुवायला गेला. धुतलेलीच होती. आमचे हे येतायत बुधवारी, मी सांगितलंय त्यांना, काही विचारू नका, बादली धरा.